शेणाची सुनावणी

माझी नणंद समाजकार्याचं मोठं शिक्षण घ्यायला शहरात गेली, तेव्हा सासूबाईंना वाटलं ती वकील होणार. तिच्या पुस्तकात जनवकिलीचा एक धडा होता. ज्यांना आपलं म्हणणं मांडता येत नाही, त्यांच्या वतीनं सरकारपुढे, कारखान्यापुढे उभं राहायचं आणि मागणी लावून धरायची, असं त्यात होतं. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "काळा कोट तेवढा घ्यायचा ऱ्हायलाय." नणंद हसायची आणि परत समजावून सांगायची. सासूबाई म्हणायच्या, "म्हंजे भांडायचंच की गं. ते तर मी फुकट शिकवलं असतं."

तिला हे शिकावंसं वाटलं त्याला एक कारण होतं. ती लहान असताना एका वर्षी कोयता बंद झाला होता. मजुरी वाढवा म्हणून, हंगाम तोंडावर आला तरी ऊसतोडणीवाले गावातच बसून राहिले, ट्रक रिकामे उभे राहिले. तेव्हा बाहेरगावाहून आलेली एक बाई ट्रॉलीवर चढून भोंग्यातून बोलली आणि सगळे गडी खाली मातीत बसून ऐकत राहिले. नणंदेनं मला ही गोष्ट कितीतरी वेळा सांगितली. त्या बाईचा आवाज कसा होता हे सांगताना तिचा स्वतःचा आवाज बदलायचा.

माझं उलट आहे. चार माणसं समोर दिसली की माझा घसा बंद होतो. लग्नात नाव घ्यायला सांगितलं, तर तास गेला आणि शेवटी माझ्या आईनं घेतलं. मात्र अक्षर चांगलं आहे. चौथीपर्यंतच शाळा झाली, पण पाटीवर काढायचे तसं एकेक अक्षर मी अजून सुटं आणि गोल काढते.

त्या साली पाऊस झालाच नाही. विहिरीच्या तळाला वटवाघळं राहायला लागली. नवरा धाकट्या दिराला जोडीला घेऊन ऊसतोडीला गेला, आणि जनावरं घेऊन मी चारा छावणीवर राहायला गेले. आमचे दोन बैल आणि एक कालवड. सासूबाई घरी राहिल्या, कारण घराला कुलूप लावायचं नाही असा त्यांचा हट्ट होता. छावणी दूध संस्थेनं उघडली होती. चाऱ्याचे पैसे सरकारचे, जागा संस्थेची, आणि संस्था चेअरमनची. माळावर लांबच लांब दावणी, वर फाटकी ताडपत्री आणि प्रत्येक दावणीच्या टोकाला एकेका बाईचा संसार: तीन दगड, एक पातेलं, एक गोधडी.

छावणीत कुणालाच नाव नसतं. तिथला कारभार बघणारा मुनीम आम्हाला जनावरांवरून हाक मारायचा. "ए खिलारी, तुझी पेंड न्यायची ऱ्हायली." "ए तीन जर्शी, इकडं ये." माझ्या एका बैलाचं शिंग मोडलेलं होतं, म्हणून मी मोडशिंगी. आठ दिवसांत बायकाही एकमेकींना तसंच बोलवायला लागल्या. कुणाला राग यायचा नाही. उलट हसायच्या. एक म्हातारी म्हणायची, "माझ्या नवऱ्याला जन्मात माझं नाव कळलं न्हाई, मुनमानं तरी काळी गाय म्हणून वळख दिली."

माझ्या शेजारच्या दावणीला एक मावशी होत्या. पंचेचाळिशीच्या असतील. नवरा मेलेला, मुलगी परळीकडे वीटभट्टीवर दिलेली. त्यांच्याकडे एकच म्हैस, आणि ती डाव्या डोळ्यानं काणी. म्हणून त्या काणीवाली. म्हैस गाभण होती. ती व्याली की दूध सुरू होणार आणि पुढच्या हंगामाला मावशींना ऊसतोडीला जावं लागणार नव्हतं. तोडणीला नवराबायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. एकट्या बाईला अर्धा कोयता म्हणतात आणि कुणातरी परक्या गड्याच्या जोडीला बांधून देतात. मावशी दोन हंगाम तशा गेल्या होत्या. त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "तिसऱ्यांदा न्हाई जायची. ही व्याली की मी सुटले." दिवसातून दहा वेळा त्या म्हशीच्या पोटावर हात ठेवून बघायच्या.

छावणीचा एक नियम होता. जनावर आमचं, चारा सरकारचा, पण शेण संस्थेचं. रोज सकाळी शेण गोळा करून मागच्या ढिगावर टाकायचं, आणि चार दिवसांनी ट्रॅक्टर येऊन ते चेअरमनच्या डाळिंबाच्या बागेत घेऊन जायचा. त्यातलं ओंजळभर शेणही बाईनं उचलायचं नाही. आणि चुलीला तर काहीच नव्हतं. आजूबाजूच्या बाभळी आधीच शेळ्यांसाठी ओरबाडून नेलेल्या. वाळका काटा मिळवायला दीड कोस जावं लागायचं. बायका दोन दोन दिवस भाकरी भिजवून खायच्या. आपल्याच बैलाच्या पायाशी पडलेलं शेण बघत चूल थंड ठेवायची, याचा सगळ्यांना राग होता. पण बोलायचं कुणी?

मावशी बोलल्या नाहीत, त्यांनी उचललं. मुनीम दुपारी जेवून चिंचेखाली आडवा व्हायचा. तेव्हा त्या म्हशीखालचं शेण बादलीत भरायच्या, वर उष्टा चारा पसरायच्या आणि पडक्या विहिरीमागे जाऊन गोवऱ्या थापायच्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना बघितलं. त्यांनीही मला बघितलं. म्हणाल्या, "तू कुणाला सांगायची न्हाईस. तुला सांगताच येत न्हाई." दुसऱ्या दिवसापासून राखण मी करायला लागले. मुनीम हलला की ओरडायचं ठरलं होतं. मावशीच म्हणाल्या, "तुला कुठला आवाज? तू बादली वाजव." त्या बदल्यात वाळलेल्या गोवऱ्यांतल्या निम्म्या माझ्या. महिनाभर मी गरम भाकरी खाल्ली.

होळीच्या पंधरा दिवस आधी नणंद आली. तिच्या शिक्षणात शेवटच्या वर्षी लोकांत जाऊन काम करून दाखवावं लागतं. तिनं आमचीच छावणी मागून घेतली होती. खांद्याला पिशवी, पायात बूट, गळ्यात ओळखपत्र. आली ती सरळ माझ्या दावणीला आली आणि बैलाच्या गळ्याला मिठी मारली. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला. बायकांना मी खुणेनंच सांगत होते, ही माझी नणंद.

दोन दिवस ती दावणीदावणीनं फिरली. "ताई, तुमच्या काय अडचणी आहेत?" बायका म्हणायच्या, "आमाला कशाची अडचण? चेअरमनच्या कृपेनं बरं चाललंय." एकीनं तर तिलाच विचारलं, "तुमचं लग्न कावून न्हाई झालं आजून?" तिसऱ्या दिवशी ती माझ्यापाशी येऊन बसली. रडवेली झाली होती.

"वहिनी, एक तरी प्रश्न सुटलेला दाखवावा लागतो. न्हाई तर सर पास करत न्हाईत. आन ह्या बायका तोंडच उघडत न्हाईत."

"घाबरतात," मी म्हणाले. तिच्याशी मला बोलता यायचं.

"तुला सांगतील."

ते खरं होतं. जो बोलत नाही त्याला लोक सगळं सांगतात. मी विहिरीसारखी आहे असं त्यांना वाटतं, टाकलेलं वर येणार नाही.

तिनं मला छापील कागदांचा गठ्ठा दिला. वर रकाने होते. वय. लग्न झालेलं की विधवा. जनावरं कोणती. अडचण काय. नावाचा रकानाच नव्हता. ती म्हणाली, "नाव लिहायचंच न्हाई, वहिनी. आमच्यात तो पहिला नियम हाय. ज्यानं सांगितलं त्याचं नाव बाहेर जात न्हाई. तसं त्यांना सांग, आन सविस्तर लिही. जितकं सविस्तर तितकं चांगलं."

मी लिहिलं. संध्याकाळी बायका माझ्या आसपास बसायच्या, बोलायच्या, आणि त्या गेल्या की मी कागद काढायची. पाण्याचा टँकर गढूळ येतो. पेंडीत माती असते. परसाकडला आडोसा नाही म्हणून पोरीबाळी अंधाराची वाट बघतात. शेणाचं तर सगळ्याच सांगत होत्या. नणंद ते कागद वाचायची आणि म्हणायची, "वहिनी, तू कॉलेजात असतीस तर पहिली आली असतीस." असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्यामुळे मी आणखी लिहायची. आधी चार ओळी लिहायची, मग पान भरायला लागलं.

मावशींचा कागद मी सगळ्यात चांगला लिहिला. "विधवा. वय पंचेचाळीस. एक काणी म्हैस, गाभण. जळण नसल्यामुळे दुपारी मुनीम झोपल्यावर चोरून शेण उचलते. पडक्या विहिरीमागे गोवऱ्या थापते." मावशींनी मला हे लिहायला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगायची गरजच नव्हती, मी रोज बघत होते. माझा स्वतःचाही एक कागद मी भरला. त्यात लिहिलं, पाणी गढूळ येतं. बादलीचं लिहिलं नाही. निम्म्या गोवऱ्यांचं लिहिलं नाही.

म्हशीच्या रकान्यापाशी माझा हात थांबला होता का, हे मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. थांबला होता. "एक जनावर" एवढंच लिहावं असं मनात आलं होतं. पण मग तो कागद बाकीच्यांसारखाच झाला असता, आणि नणंद त्यावरून नुसती नजर फिरवून पुढे गेली असती.

होळीच्या दोन दिवस आधी सुनावणी ठेवली. सुनावणी म्हणजे अडचणी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायच्या आणि ज्यांच्या हातात कारभार आहे त्यांनी तिथंच उत्तर द्यायचं. हे तिच्या पुस्तकात होतं. मोठ्या मोठ्या चळवळींनी असंच केलं म्हणे. मंडप घातला. खुर्च्यांवर चेअरमन, तहसीलचे साहेब आणि नणंदेचे सर. आम्ही बायका खाली. भोंगाही लावला होता. मुनीम खुर्च्यांच्या मागे उभा होता.

नणंद उभी राहिली. आवाज स्वच्छ होता. अगदी त्या ट्रॉलीवरच्या बाईसारखा असावा. ती म्हणाली, "मी कोणाचंही नाव घेणार नाही. पण ही प्रत्येक गोष्ट खरी आहे." पाणी, पेंड, आडोसा, एकेक वाचत गेली. तहसीलचे साहेब मान डोलवत होते. मग ती शेणावर आली. म्हणाली, "परिस्थिती किती वाईट आहे ते एका उदाहरणावरून सांगते." आणि तिनं मी लिहिलेला कागद वाचला. जसा लिहिला होता तसा. विधवा. पंचेचाळीस. एक काणी म्हैस.

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा मंडप हसला.

"अगं काणीवाले, तुझंच आलं की गं भोंग्यावर!"

"इचारत हुते, हिची चूल रोज कशी पेटती?"

"आमी भिजवून खावं अन हिनं शेकून खावं!"

नणंदेला कळलंच नाही, लोक का हसताहेत. ती कागदाकडे बघत होती. चेअरमन मात्र शांतपणे म्हणाले, "ताई, नाव घेणार न्हाई म्हणालात, अन म्हैस सांगितलीत. हितं दुसरं नाव कुणाला हाय?" तेही हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकानं हसले.

मग ते उठले. म्हणाले, "पोरगी शिकलेली हाय, बरं बोलती. शेणाची मागणी रास्त हाय. आपलं चुकलं. आजपासनं दर बाईला रोज एक पाटी शेण. मुनीम, ध्यानात ठिवा." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असतील. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

टाळ्या थांबायची वाट बघून चेअरमन म्हणाले, "पण मागून घेणं येगळं, चोरणं येगळं. एकीनं चोरलं, ते चालवून घेतलं तर उद्या दुसरी पेंड चोरंल. काणीवाल्या बाईनं आपलं जनावर घिऊन आजच्या आज जावं."

मुनिमानं तोवर दोन गडी विहिरीमागे पाठवले होते. त्यांनी गोवऱ्या आणून मंडपासमोर रचल्या. मावशींच्या बोटांचे ठसे त्यांच्यावर दिसत होते. माझ्या वाटणीच्याही त्यातच होत्या. मुनीम म्हणाला, "परवाच्या होळीला ह्याच घ्या. आयता जाळ झाला."

चेअरमननी मावशींना विचारलं, "संगं कोण होतं?"

मावशी उठून उभ्या राहिल्या. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांच्या लुगड्याचा काठ माझ्या गुडघ्याला लागत होता. त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही.

"संगं कोण असंल? मी अन म्हैस."

परत सगळे हसले. मला एवढंच म्हणायचं होतं, मी बादली वाजवायची. मी पण जाळल्या. दोघींना घालवा. एवढी तीन वाक्यं. माझं तोंड उघडलं होतं. शेजारच्या बाईला वाटलं मला जांभई आली.

तासाभरात मावशी निघाल्या. म्हशीच्या पाठीवर गोधडी, हातात पातेलं. वाटेत एकेका दावणीवरच्या बायका बोलत होत्या. "जा बाई, तुझ्यापायी आमाला शेण मिळालं." "चोरी केलीस पर आमचं भलं केलंस!" काही जणींना ते खरंच उपकाराचं बोलणं वाटत होतं.

नणंद माझ्याकडे धावत आली. तिचा चेहरा उतरला होता.

"वहिनी, तू म्हैस कावून लिहिलीस?"

मी म्हणाले, "रकाना होता."

रकाना तिचाच होता. मग ती सरांकडे गेली. मी लांबून बघत होते. सरांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. ती परत येऊन म्हणाली, "सर म्हणतात, सगळ्यांचा प्रश्न सुटला ते मोठं यश हाय. एकटीचं नंतर बघता येईल." हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. सरांना मोटारीपर्यंत पोचवून ती परत आली आणि सामान भरायला लागली. जाताना तिनं माझ्यासाठी एक चांगली गोष्ट केली. मुनिमाला म्हणाली, "माझ्या वहिनीचं अक्षर बघा. तुमची हजेरी ह्या लिहितील. शाळेत गेलेल्या बाईला काम द्या."

त्या दिवसापासून मी लिहायला बसले. रोज सकाळी मुनीम दावणीनं जाऊन जनावरं सांगायचा आणि मी मोठ्या वहीत लिहायची. त्याबद्दल आमच्या बैलांना वाढ्याची, उसाच्या शेंड्यांची, एक पेंढी जास्त मिळायची. संध्याकाळी माझी एक पाटी शेण मी हक्कानं घेऊन जायची. होळी झाली. माझ्या भाकरी भाजल्या जात होत्या.

पहिल्याच सकाळी मुनीम म्हणाला, "काणी म्हैस, एक. हजर."

मी पेन उचललं नाही. "ती गेली."

"म्हैस गेली. तिच्या नावचा चारा गेला का? लिही."

मी लिहिलं.

मावशी नवव्या दिवशी आल्या. चालत आल्या होत्या, पायांना फडकी गुंडाळली होती. म्हैस सडकेवरच्या बाभळीला बांधली होती. मी टेबलाशी बसले होते. मुनीम पलीकडे दाढी करत होता. मावशींनी टेबलाच्या कडेला हात ठेवला. त्यांनी मला कसलाच बोल लावला नाही. मी लिहिलेला तो कागद होता, हे त्यांना माहीत होतं. छावणीत ते सगळ्यांना माहीत झालं होतं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तलवाड्याकडच्या छावणीत गेलते. पाच दिस वाटंनं गेलो आमी दोघी. तिथं घेत न्हाईत. म्हणतात, तुमची म्हैस तिकडच्या छावणीत हजर हाय, सरकारच्या कागदावर हाय, एक जनावर दोन ठिकाणी चारा कसं खाईल? मी म्हणले, ही काय समोर उभी हाय. तर म्हणतात, कागद आणा. तू दोन वळी लिहून दे. म्हैस हितं न्हाई, एवढंच. तुझं अक्षर ते वळखतील, वहीत तुझंच हाय म्हणं."

बाभळीखालची म्हैस मला दिसत होती. तिच्या बरगड्या मोजता आल्या असत्या, आणि तरी पोट खाली लोंबत होतं. ती बसली होती आणि उठायचा प्रयत्न करत नव्हती.

माझ्यासमोर कोरा कागद होता. पेन हातात होतं. मुनिमानं आरशातूनच विचारलं, "काय म्हणती गं काणीवाली?"

लोक मला लाजरी म्हणतात. आजवर मीही तसंच समजत होते, की माझा घसा बंद होतो, त्याला मी काय करणार. त्या दिवशी तो बंद झाला नाही. मुनीम होता, दोन गडी होते, पाण्याला आलेल्या चार बायका होत्या. एवढ्या माणसांसमोर माझा आवाज एकदम मोकळा निघाला. मला स्वतःलाच तो लांबून ऐकल्यासारखा वाटला.

"मावशी, वहीत हजर हाय."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला बोलताना असं कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी टेबलावरचा हात काढून घेतला.

"हजर हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "मग तिला पाणी दाव."

मुनीम खो खो हसला. गाल कापला गेला त्याचा. पाण्याच्या बायकाही हसल्या आणि हंडे भरायला लागल्या. मावशी सडकेकडे गेल्या. त्यांनी म्हशीला खांदा लावून उठवलं. दोन वेळा ती पुढच्या गुडघ्यांवर पडली. तिसऱ्यांदा उठली.

पुढचं मला लोकांकडून कळलं. त्यांनी केजच्या बाजारात म्हैस विकली. घेणारा ती व्यायची वाट बघणाऱ्यांतला नव्हता. गाभण आहे हे मावशींनी त्याला तीन वेळा सांगितलं, तर तो म्हणाला, "मावशे, मला वजनाशी मतलब." पुढच्या हंगामाला त्या परत अर्धा कोयता म्हणून गेल्या. कुणाच्या जोडीला, ते मी विचारलं नाही.

नणंद पहिल्या वर्गात पास झाली. तिच्या प्रबंधात आमच्या छावणीचं प्रकरण आहे, सामूहिक मागणी आणि यश असं त्याचं नाव. शहरातल्या एका संस्थेत तिला नोकरी लागली. चेअरमननीच शब्द टाकला होता. दिवाळीला आली की ती सासूबाईंना बायकांच्या हक्कांचं सांगते, सासूबाई ऐकतात. मावशींचा विषय तिनं एकदाच काढला. म्हणाली, "वहिनी, आम्ही आता जनावरांचा रकाना काढून टाकलाय." ती मनापासून सांगत होती. चूक सुधारली होती तिनं.

छावणी पावसाळा लागेपर्यंत चालली. मी रोज लिहीत होते. काणी म्हैस, एक, हजर. हळूहळू हात थांबेनासा झाला. पुढे बाकीच्या गाभण म्हशी एकेक करून व्यायला लागल्या. व्यालेल्या जनावराच्या पिल्लालाही वेगळा चारा मिळायचा. एका सकाळी मुनीम दावणीनं गेलाच नाही, खुर्चीतच बसून सांगत होता. बोटांवर महिने मोजून म्हणाला, "काणीचे दिस भरले असतील की गं आता."

"भरले," मी म्हणाले. मला तारीख माहीत होती. मावशी रोज सांगायच्या.

"मग लिही. काणी म्हैस व्याली." मग थोडा विचार करून म्हणाला, "रेडा नको लिहू, लोक त्याला सोडून देतात. मादी लिही. वगार. एक."

मी लिहिलं. एक वगार, हजर. अक्षर चांगलं आलं होतं.